चौघांची पाककृती निम्मी केली की का बिघडते? दोघांच्या रोजच्या स्वयंपाकाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: घरात दोघंच, दोघंही नोकरीला. रोज तेच ते होतं म्हणून कंटाळा येतो. नवीन काही करायला घ्यावं तर पाककृती चार-सहा जणांची असते आणि ती निम्मी केली की रस्सा आटतो, मसाला करपतो, मीठ जास्त होतं. मग रोजचं कसं बसवायचं आणि नवं कसं करून बघायचं?

आधी रस्सा आटणं आणि खारट होणं बघू. दोन्हींचं मूळ एकच आहे. पाण्याची वाफ किती होते हे कढईचं तोंड किती रुंद आहे, आच किती आहे आणि झाकण किती वेळ उघडं आहे यावर ठरतं. कढईत किती माल आहे याच्याशी तिचा फारसा संबंध नाही. समजा, चौघांच्या उसळीत ४ वाट्या पाणी घातलं आणि उघड्या कढईत पंधरावीस मिनिटांत त्यातलं सव्वा वाटी उडालं. उरलं पावणेतीन वाट्या. आता सगळं निम्मं करून त्याच कढईत, त्याच आचेवर, तितकाच वेळ ठेवलं तर २ वाट्यांतूनही सव्वा वाटीच उडणार. उरायला हवं होतं जवळजवळ दीड वाटी, उरतं पाऊण. मीठ तुम्ही बरोबर निम्मंच घातलं होतं, पण ते निम्म्या पाण्यात आल्यामुळे दुप्पट खारट लागतं. तिखट, गोडा मसाला, चिंच यांचंही तेच होतं. म्हणून बरेच जण पुढच्या वेळी मीठ कमी घालतात आणि भाजी दाट, तिखट आणि अळणी अशी विचित्र होते. चूक मिठात नव्हती, पाण्यात होती.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र करा. भांडं लहान घ्या. पाणी निम्म्याहून अर्धी वाटी जास्त धरा, पण ते बाजूला गरम करून ठेवा आणि लागेल तसं घाला. मीठ उकळी येऊन रस्सा हवा तितका दाट झाल्यावर घाला. भांड्याचा हिशेब सोपा आहे: २४ सेंटीमीटर तोंडाच्या कढईच्या तुलनेत १८ सेंटीमीटरच्या कढईचं क्षेत्रफळ ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून जरासं जास्त. दोघांच्या घरात सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू हीच असायला हवी: १८ ते २० सेंटीमीटरची, जाड बुडाची कढई, घट्ट बसणाऱ्या झाकणासह. लग्नात मिळालेल्या मोठ्या कढया पाहुणे येतील तेव्हासाठी वर ठेवून द्या.

मसाला करपतो तोही याच कारणाने. मोठ्या कढईत एक चमचा तेल पसरून पातळ थर होतो आणि क्षणात धुरावतं. मोहरी तडतडायला तिच्या आतल्या पाण्याची वाफ व्हावी लागते. त्यासाठी ती गरम तेलात निदान अर्धी बुडलेली हवी. पातळ थरात ती एका बाजूने जळते आणि कडू होते. लहान कढलं किंवा फोडणीची पळी घ्या, दोन चहाचे चमचे तेल पुरतं. मोहरी पूर्ण तडतडली की जिरं, मग हिंग, कढीपत्ता, गॅस बंद, आणि त्यानंतर हळद-तिखट. बंद केल्यावरही तेल इतकं तापलेलं असतं की तिखट पाचसहा सेकंदांत फुलतं. लगेच वरून पाणी किंवा शिजलेली डाळ पडली पाहिजे. चौघांच्या फोडणीत चालू गॅसवर तिखट घातलेलं खपून जातं, कारण पाठोपाठ भरपूर भाजी पडून तेल थंड होतं. दोघांच्या फोडणीला तेवढी सवलत नसते.

कांदा परततानाही असंच. एक मध्यम कांदा म्हणजे साधारण १०० ग्रॅम. त्यात पाणी थोडं असल्यामुळे तो चार कांद्यांपेक्षा लवकर तपकिरी होतो आणि कडा आधी जळतात. मध्यम आचेवर ८ ते १० मिनिटं धरा, सुरुवातीला चिमूटभर मीठ घाला म्हणजे पाणी सुटून लवकर मऊ पडतो, आणि बुडाशी लागायला लागला की चमचाभर पाण्याचा हबका द्या. ‘कांदा पाच मिनिटांत सोनेरी’ असं लिहिलेल्या पाककृतीवर विश्वास ठेवू नका. पाच मिनिटांत तो पारदर्शक होतो, सोनेरी नाही.

आता मापं. आपल्याकडे ‘वाटी’ म्हणजे घरोघरी वेगळी असते, १०० मिलिलिटरपासून २०० पर्यंत. एक वाटी ठरवा, वजनकाट्यावर ठेवून त्यात पाणी भरा. जितके ग्रॅम भरेल तितके मिलिलिटर. पुढे सगळीकडे १५० मिलिलिटरची वाटी धरली आहे. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा आणि सपाट. बारीक मिठाचा एक सपाट चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो, आणि बहुतेकांना तयार पदार्थाच्या वजनाच्या १ टक्का मीठ बरोबर लागतं. म्हणजे तीन वाट्या आमटीला (साधारण ४५० ग्रॅम) पाऊण चमचा. पाव किलो भेंडी किंवा तोंडली शिजून दोनशे ग्रॅमच्या आसपास राहतात, त्यांना चमच्याचा तिसरा हिस्सा. हे दोन आकडे लक्षात राहिले तर नव्या पदार्थातही मीठ चुकत नाही, कारण पाककृतीत काहीही लिहिलेलं असो, तुमच्या कढईत शेवटी किती वजन आहे ते तुम्हाला दिसतं. पालेभाजीचं मात्र नीट सांभाळा. निवडून धुतलेली मेथीची जुडी कढईभर दिसते आणि शिजून वाटीभर होते, म्हणून पाला पूर्ण बसल्याशिवाय मीठ घालायचंच नाही.

दोघांच्या एका जेवणाची रोजची मापं अशी बसतात. तूरडाळ अर्धी वाटी, त्यातून तीन वाट्या आमटी किंवा वरण. तांदूळ पाऊण ते एक वाटी. कोलमला दुप्पट पाणी, नव्या इंद्रायणीला दीड ते पावणेदोन पट, जुन्याला थोडं जास्त. कणीक दोन सपाट वाट्या, पाणी पाऊण वाटीला थोडं कमी, सहासात पोळ्या. फळभाजी पाव किलो. कडधान्य कोरडं अर्धी वाटी. मटकी भिजून मोड आल्यावर त्याची दीड वाटी तरी होते.

कुकर ३ लिटरचा असावा. पाच लिटरच्या कुकरमध्ये एवढीशी डाळ-तांदूळ लावले तर दाब यायलाच वेळ आणि गॅस जातो. तळाला दोन वाट्या पाणी, वर डाळीचं भांडं, त्यावर भाताचं. डाळ अर्धा तास भिजवलेली असेल तर चार शिट्ट्या आणि मंद आचेवर आठ मिनिटं पुरतात. डाळीत हळद, हिंग, दोन थेंब तेल घाला, म्हणजे फेस वर येऊन शिट्टीत अडकत नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल शिजताना घालायचं नाही, आंबटाने डाळीची साल आणि गर मऊ व्हायला अडतो. पाणी जड असलं, म्हणजे बोअरचं वगैरे, तरी तेच होतं. तिथे भिजवण्याचं आणि शिजवण्याचं पाणी पिण्याचं घ्या. राजमा-छोले थेट कुकरमध्ये लावता तेव्हाही मघाचाच नियम: चौघांच्या एक वाटी राजम्याला ४ वाट्या पाणी असेल तर अर्ध्या वाटीला २ नाही, अडीच, कारण शिट्ट्यांतून जाणारी वाफ तेवढीच असते. राजमा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या आणि बोटाने सहज चिरडेल इतका शिजवा. कच्चट राजम्यात असा घटक राहतो की ज्याने उलट्या-जुलाब होतात. मंद आचेवर तासन्‌तास ठेवण्याच्या विजेच्या भांड्यात तो तसाच घालू नये.

सगळंच निम्मं करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. काही गोष्टी कमी प्रमाणात होतच नाहीत. इडलीचं पीठ हे त्यातलं ठळक उदाहरण. पाव वाटी उडीद मिक्सरच्या मोठ्या भांड्यात पात्यांना लागतच नाही, कडेला उडून बसतो. आणि थोडंसं पीठ रुंद पातेल्यात लगेच गार पडतं, मग थंडीच्या दिवसांत फुगत नाही. एक वाटी उडीद, तीन वाट्या तांदूळ असं नेहमीच्या मापानेच करा, उंच आणि अरुंद डब्यात आंबवा. पहिल्या दिवशी इडली, दुसऱ्या दिवशी डोसा, तिसऱ्या दिवशी थोडं आंबट झालेल्या पिठात कांदा-मिरची घालून उत्तप्पा किंवा आप्पे. वाटण तसंच. दोन कांदे आणि अर्ध्या नारळाचा चव, कांदा आधी तेलावर तपकिरी, मग खोबरं बदामी होईपर्यंत, गार झाल्यावर कमीत कमी पाण्यात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. नंतर वड्या काढून डब्यात भरल्या की महिनाभर टिकतात. दोघांच्या रश्श्याला दोन-तीन वड्या. या एका वस्तूमुळे मंगळवारी संध्याकाळी साडेसातला घरी येऊनही काळ्या वाटाण्याची किंवा अंड्याची आमटी होते. दाण्याचं कूट, आलं-लसूण वाटून वर थोडं तेल आणि मीठ, हेही रविवारी. कणीक रात्री भिजवून तेलाचा हात लावून बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवली तर सकाळपर्यंत उत्तम राहते. दिवस उलटला की काळपट पडते.

उलट काही पदार्थ दोघांसाठीच छान होतात: थालीपीठ, धिरडी, डोसे, तळलेली मासळी, ऑम्लेट, फ्राइड राइस. तव्यावरून ताटात, कोणी ताटकळत नाही. फ्राइड राइस घरच्या गॅसवर चिकट होतो तो आच कमी पडल्यामुळे. कढई खूप तापवून एका वेळी एकाच माणसापुरता भात परतला, भात सकाळचा, फ्रीजमधला आणि मोकळा केलेला असला, तर दाणा सुटा राहतो. मोठ्या कुटुंबाला हे परवडत नाही, तुम्हाला परवडतं. एक सांगायचं राहिलं: भात उरवायचा असेल तर शिजल्यावर ताटात पसरून गार करा आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते परतून, उकळून जात नाही.

आता नवीन पदार्थ. माझं मत स्पष्ट आहे: आठवड्याला एक, आणि तोही ताटातल्या एकाच जागी. नवी भाजी करायची तर पोळी, वरण-भात नेहमीचे. ती फसली तरी कोणी उपाशी राहत नाही आणि चिडचिड होत नाही. सगळं ताट नवं केलं की चार गोष्टींकडे लक्ष वाटलं जातं आणि नेमकी कुठली कशामुळे बिघडली हे कळत नाही. पाहुण्यांसाठी पहिल्यांदाच काही करणं टाळाच.

निवडताना हे बघा: यात सामग्री नवी आहे, कृती नवी आहे, की भांडं-उपकरण नवं आहे? तिन्हींपैकी एकच नवं असावं. हाताला जे येतं त्याच्या शेजारचा पदार्थ घ्या. आमटी येते तर सांबार, कढी येते तर केरळचं मोरू करी, मटकीची उसळ येते तर छोले. पिठलं हे तर फार चांगलं उदाहरण आहे. अर्धी वाटी बेसन, दीड ते दोन वाट्या पाणी. बेसन आधी गार पाण्यात कालवून मगच फोडणीत ओतायचं, उकळत्या पाण्यात कोरडं टाकलं तर वरून शिजून आत कोरड्या गुठळ्या राहतात. हे जमलं की पुढची पायरी सुरळीच्या वड्या. जिन्नस जवळपास तेच: अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी आंबटसर ताक, पाऊण ते एक वाटी पाणी, हळद, मीठ, आलं-मिरची वाटून गाळलेली. मंद आचेवर सतत ढवळत आठ-दहा मिनिटं. फरक एवढाच की पिठलं खाण्याजोगं झालं की उतरवतो, आणि इथे ते सुटून यायला हवं. थेंबभर मिश्रण तेल न लावलेल्या ताटलीवर पसरा, मिनिटभर थांबा, कडेने उचला. अख्खं सुटून आलं तर झालं, चिकटलं तर अजून दोन मिनिटं. तयार झालं की ते गरम असतानाच ताटाच्या पाठीवर पातळ पसरावं लागतं आणि इथे दोघं असल्याचा खरा फायदा होतो: एकाने ओतायचं, दुसऱ्याने उलथन्याने पसरायचं. जास्त मिश्रण असेल तर पसरेपर्यंत कढईतच घट्ट होतं. पहिल्या वेळी अर्ध्या वाटी बेसनाच्या पुढे जाऊ नका.

पहिल्यांदा करताना पाककृती आधी शेवटपर्यंत वाचा (भिजवणं, मुरवणं मधेच कुठेतरी लपलेलं असतं) आणि दोघांची मापं कागदावर लिहून मगच गॅस पेटवा. चालू गॅसवर मनात निम्मं करत गेलात की एखादी गोष्ट पूर्ण मापाने पडतेच. पहिली खेप जशी लिहिली आहे तशीच करा, फक्त तिखट निम्मं धरा. आवडलं तर तीन वेळा करा आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. कागदावर तीनच नोंदी पुरतात: पाणी शेवटी किती लागलं, मीठ किती, कुठली पायरी किती मिनिटं चालली.

बाहेरच्या देशांतल्या पाककृतींत काही खड्डे ठरलेले आहेत. अमेरिकी कप २४० मिलिलिटरचा, म्हणजे आपल्या वाटीच्या दीडपटीहून थोडा मोठा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. अमेरिकी पाककृतीत ‘चिली पावडर’ म्हटलं की ती निव्वळ मिरची नसते; त्यात जिरं, ओरेगानो, लसूण मिसळलेलं असतं. तिथे दोन मोठे चमचे लिहिलेत म्हणून आपलं लवंगी तिखट तेवढं घातलं तर पदार्थ तोंडात घालवणार नाही. अर्धा चमचा तिखट, एक चमचा जिरेपूड घ्या. ‘एक कांदा’ म्हणजे तिकडचा २०० ग्रॅमचा, ‘दोन पाकळ्या लसूण’ म्हणजे आपल्या गावठी लसणाच्या पाच-सहा. पास्ता कोरडा माणशी ८० ते १०० ग्रॅम, पाण्यात लिटरला १० ग्रॅम मीठ. नारळाच्या दुधाच्या थाई करीत दूध शेवटी घालून खळखळून उकळू देऊ नका, सोलकढीसारखंच ते फुटतं.

केक निम्मा करताना कढईचंच गणित लागू पडतं. ८ इंची टिनच्या मिश्रणाचं निम्मं ६ इंची टिनमध्ये बसतं, क्षेत्रफळाचं प्रमाण तेच ५६ टक्के. तापमान तेच ठेवायचं (३५० फॅरनहाइट म्हणजे १७५ ते १८० सेल्सिअस), वेळेच्या तीन चतुर्थांशापासून सुरी घालून बघत राहायचं. तीन अंड्यांचं निम्मं करायचं असेल तर अंडी फेटून वजनाने घ्या, सालीशिवाय एक अंडं साधारण ५० ग्रॅम. बेकिंग पावडरच्या जागी सोडा घालणार असाल तर पाव हिस्साच, आणि मिश्रणात दही किंवा लिंबू असेल तरच. नाहीतर साबणासारखी चव येते.

दोघांनी मिळून करायचं तर काम वाटून घ्या. दोघंही गॅसपाशी उभे राहिले की मीठ दोनदा पडतं. एक जण गॅसवर, दुसरा ओट्यावर: चिरणं, वाटणं, मागची भांडी उचलणं. मीठ गॅसवरच्यानेच घालायचं. दर आठवड्याला अदलाबदल करा, नाहीतर एकाला फक्त चिरता येतं आणि दुसऱ्याला फक्त फोडणी. चाळीस-पन्नास मिनिटांत बसतं ते असं: घरात आल्याआल्या डाळ-तांदूळ भिजत, कणीक मळून झाकून, मग भाजी चिरायला. वीस मिनिटांनी एका शेगडीवर कुकर, दुसरीवर भाजी. भाजी उतरली की तिथे तवा, कुकरची वाफ जिरली की त्या शेगडीवर आमटीची फोडणी.

बहुतेक घरांत दोघांच्या जिभा वेगळ्या असतात. एकाला कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याची सवय, दुसऱ्याला कोकणातल्या ओल्या खोबऱ्याची. मधला मार्ग म्हणून दोन्ही थोडं थोडं घातलं तर कोणाचंच समाधान होत नाही. त्यापेक्षा डाळ एकत्र शिजवा, अर्धी साधी काढून तिच्यावर तूप-जिरं, उरलेल्या अर्धीला कढल्यातली लसूण-मिरचीची फोडणी. दोन मिनिटांचं काम आहे. तिखट खाणाऱ्यासाठी ठेचा ताटात वेगळा ठेवा. कढईतलं तिखट कमी खाणाऱ्याच्या मापाचं.

आणि बिघडलंच तर. खारट झालेल्या रश्श्यात बटाटा किंवा कणकेचा गोळा टाकतात, पण तो मीठ ओढून घेत नाही. त्यात खारट पाणी शिरतं आणि बाहेरचा रस्सा तितकाच खारट राहतो. न मीठ घातलेली शिजलेली डाळ, दाण्याचं कूट, ओलं खोबरं किंवा गरम पाणी घालून माल वाढवा, मग गुळाचा खडा आणि आमसुलाने चव सारखी करा. बुडाला लागलं तर ढवळू नका, खरवडू नका. वरचं ताबडतोब दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या आणि चव बघा. जळका वास तळाच्या थरात असतो, तो ढवळेपर्यंत वर येत नाही. दही फुटलं तर चमचाभर बेसन पाण्यात कालवून घाला आणि मंद आचेवर एक उकळी येईपर्यंत हलवत राहा. पुढच्या वेळी हेच बेसन दही घालण्याआधी त्यात फेटून घ्या.